कष्टाळू की अवघड? मुलाखतीतली हिब्रू

‘आय अ‍ॅम अ हार्ड वर्कर.’ इंग्रजी मुलाखतीत हे वाक्य इतकं घासून गुळगुळीत झालं आहे की ते कुणी ऐकतही नाही. पण तेल अवीवमधल्या एखाद्या कंपनीत पुरुष उमेदवाराने त्याची शब्दाला शब्द ठेवून हिब्रू केली, ‘अनी ओवेद काशे’, तर समोरच्याच्या ओठांवर किंचित हसू येऊ शकतं. ‘ओवेद’ म्हणजे काम करतो, आणि कर्मचारीसुद्धा. ‘काशे’ म्हणजे जोमाने, आणि अवघडसुद्धा. म्हणजे मी खूप काम करतो, की मी एक अवघड कर्मचारी आहे? प्रसंगावरून अर्थ लागतो, लोक हे वाक्य रोज बोलतातही. गंमत अशी की बाई ‘अनी ओवेदेत काशे’ म्हणाली तर घोटाळा होत नाही. अवघड बाईला ‘काशा’ म्हणावं लागतं. स्वतःला कष्टाळू म्हणवून घ्यायचंच असेल तर ‘खारुत्स’ हा सरळ शब्द आहे, स्त्रीसाठी ‘खारुत्सा’. त्यातला ख मात्र घशातून खरवडून काढायचा.

इंग्रजी पाठ करून हिब्रूत मुलाखत द्यायला निघालेल्याला असे खड्डे पावलोपावली लागतात. आणि इथे मराठी माणसाच्या हाती नकळत एक आडवाट आहे. ‘आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’ घ्या. हिब्रूत ‘हॅव’ला थेट क्रियापदच नाही. तिथे म्हणतात ‘येश ली निसायोन शेल खामेश शानीम’, म्हणजे ‘आहे मला अनुभव पाच वर्षांचा’. इंग्रजाला हे उलटंपालटं वाटतं, आपल्याला घरचं. ‘आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर फाइव्ह इयर्स’ या वाक्यातल्या काळाने आपल्या कित्येक पिढ्यांना शाळेत छळलं. हिब्रू तिथे साधा वर्तमानकाळ वापरते: ‘अनी ओवेद शाम क्वार खामेश शानीम’. मी तिथे पाच वर्षं काम करतोय, बस. आणि ‘मी करतो’, ‘मी करते’ हा भेद इंग्रजाला समजावून सांगावा लागतो. ‘ओवेद’ आणि ‘ओवेदेत’ म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. उच्चारही ओळखीचे: सैन्याला ‘त्सावा’ म्हणतात, त्यातला त्स म्हणजे आपला चमच्यातला च.

मराठीतून हिब्रूकडे जायची ही वाट जुनी आहे. मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वं मराठीत सांगणारं पुस्तक १८३२ मध्ये मुंबईत काढलं, ते कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी. पुढे १९४८ नंतर याच समाजातली हजारो माणसं इस्राएलला गेली. पेणकर, नवगावकर अशी आडनावं अश्दोद, लोद, बेएर शेवा, दिमोना या गावांत पोचली. नवागतांना हिब्रू शिकवणाऱ्या वर्गांना तिथे ‘उलपान’ म्हणतात, आणि पहिला उलपान १९४९ मध्ये जेरुसलेममध्ये सुरू झाला.

व्याकरणात मराठी हात देते. अदबीत मात्र तीच पाय ओढते. आपल्याकडे मुलाखतीत ‘आपण’, निदान ‘तुम्ही’ हवंच. हिब्रूत तशी सोय नाही. पुरुषाला ‘अता’, बाईला ‘अत’, मग समोर कंपनीची प्रमुख असो की चहावाला. अरेतुरे करून मराठी माणसाचा जीव कसानुसा होतो, म्हणून तो प्रत्येक वाक्यात ‘अदोनी’, म्हणजे ‘महाशय’, घालायला जातो. पण ऑफिसात ते आदराऐवजी तिरकस ऐकू येण्याचा धोका अधिक. तिथे साहेबालाही पहिल्या नावाने हाक मारतात. आज्ञार्थालाही लिंग आहे. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ पुरुषाला विचारलं तर ‘सपेर ली अल अत्स्मेखा’, बाईला ‘सपरी ली अल अत्स्मेख’. नोकरीच्या जाहिरातीत तर हा कायद्याचा प्रश्न होतो. १९८८च्या समान रोजगार संधी कायद्यानुसार जाहिरात फक्त पुरुषाला किंवा फक्त स्त्रीला उद्देशून देता येत नाही. म्हणून ‘दरूश’ (पाहिजे) या शब्दाला तिरकी रेघ मारून स्त्रीलिंगी प्रत्ययही जोडलेला दिसतो.

‘तुमच्या उणिवा सांगा’ या प्रश्नावर इंग्रजी पुस्तकं शिकवतात तो वळसा, ‘मी जरा जास्तच परिपूर्णतेच्या मागे लागतो’ वगैरे, इस्राएलमध्ये फारसा चालत नाही. ‘दुग्री’ बोलणं, म्हणजे आडपडदा न ठेवता तोंडावर सांगणं, हा इस्राएली बोलण्याचा एक मानलेला गुण. तामार कात्रिएल या अभ्यासिकेने १९८६ मध्ये या दुग्रीवर आख्खं पुस्तक लिहिलं. शब्द आला अरबीतून. त्याचा जोडीदार ‘तख्लेस’ यिद्दिशमधून: ‘तख्लेस, काय येतं तुला?’ म्हणजे पाल्हाळ पुरे, मुद्द्यावर ये.

मला सगळ्यात आवडलेली जोडी मात्र सैन्यातल्या बोलीची. इंग्रजीत उमेदवार ‘सेल्फ मोटिव्हेटेड’ आणि ‘प्रोअ‍ॅक्टिव्ह’ असतो. हिब्रूत तो ‘रोश गादोल’ असतो, शब्दशः मोठं डोकं. मराठी कानाला यात डोक्यात हवा गेल्याचा भास होईल, पण अर्थ उलटा: न सांगता जबाबदारी उचलणारा. आणि ‘रोश काटान’, छोटं डोकं, म्हणजे नेमून दिलेल्यापलीकडे बोट न हलवणारा. ही माणसं प्रत्येक ऑफिसात असतात. शब्द मात्र आपल्याकडे नाही, आणि असायला हवा होता असं मला वाटतं.

सैन्य आणखी एका वाटेने मुलाखतीत येतं. ‘मा असीता बात्सावा?’ सैन्यात काय केलंस? तिथे बहुतेक ज्यू तरुण-तरुणींना सक्तीची सैनिकी सेवा असते, त्यामुळे हा ओळखीचाच प्रश्न ठरतो. परदेशातून मोठ्या वयात आलेल्याकडे त्याला उत्तर नसतं. सैन्यातल्या वैद्यकीय तंदुरुस्तीचा आकडा विचारायला मात्र वर सांगितलेल्या कायद्यानेच मनाई आहे.

‘आधीची नोकरी का सोडली?’ इथे हिब्रूत एक बेरकी शब्द आहे. राजीनामा दिला म्हणजे ‘हितपातेर’, काढून टाकलं म्हणजे ‘पुतार’. या दोघांना एकत्र मळून बोलभाषेने ‘हितपुतार’ केला: ज्याच्याकडून राजीनामा देववला तो. मुलाखतीत तो स्वतःविषयी वापरू नये, पण पूर्वीच्या साहेबाविषयी ऐकू आला तर हसायला येईल.

पगाराच्या अपेक्षेला ‘त्सिपियोत साखार’ म्हणतात, आणि इथे भाषांतर आकड्याचं करावं लागतं. आपण वर्षाचे लाख सांगतो, अमेरिकन माणूस वर्षाचे डॉलर. इस्राएलमध्ये महिन्याचा आकडा शेकेलमध्ये सांगतात, आणि तोही ‘ब्रूटो’, म्हणजे कपातीपूर्वीचा. वर्षाचा आकडा सवयीने बोलून गेलात तर समोरचा तो महिन्याचा समजेल, आणि मुलाखत तिथेच संपेल.

तारखांचंही तेच. ‘यू कॅन स्टार्ट ऑन मंडे’ हे हिब्रूत बहुधा ‘योम रिशोन’ होतं, पहिला दिवस, म्हणजे रविवार. कामाचा आठवडा तेव्हा सुरू होतो. ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ साठी ‘एस्माख लिश्मोआ मिमखा’ पुरतं: तुझ्याकडून कळलं तर आनंद होईल. आणि ‘वी विल बी इन टच’ हे ‘निह्ये बेकेशेर’ असलं तरी सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच्या जागी वेगळंच उत्तर मिळतं: ‘अखारेय हाखागीम’, सणांनंतर. रोश हशाना, योम किपूर, सुक्कोत असे सण त्या दिवसांत एकामागोमाग येतात आणि नेमणुका, करार, दुरुस्त्या, सगळं पुढे ढकललं जातं. मराठी वाचकाला याचं भाषांतर करून सांगायची गरज नाही; ‘दिवाळीनंतर बघू’ त्याने भरपूर ऐकलंय. फरक एवढाच की तिथे सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करून ‘नू, मा कोरे?’ (मग, काय चाललंय?) असं विचारलं तर कुणाला उद्धटपणा वाटत नाही. तेव्हा करावाच.