तीन मिलिमीटरची गोचीड, सहाशे किलोमीटरच्या केशवाहिन्या

कुत्र्याच्या कानामागची उपाशी गोचीड असते जेमतेम ३ मिलिमीटरची. पोटभर रक्त प्यायली की मादी सेंटिमीटरभर फुगते, वजन शंभरेक पटींनी वाढते. मग भिंतीच्या फटीत शिरून ती ४,००० पर्यंत अंडी घालते. तिच्या अंगात रिकेट्सिया हा जिवाणू असला, तर तो अंड्यांवाटे पुढच्या पिढीतही उतरू शकतो.

बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५ लाख ८६ हजार; पाचांतले जवळपास चार जण खेड्यात. गोठा अंगणाला लागून, कुत्रं ओसरीवर. गोचीड चावलेली पोराला बहुधा कळतही नाही. चावताना जिवाणू अंगात शिरला, तर आठवडाभरात ताप चढतो, मागोमाग पुरळ.

हा जिवाणू साधारण एक मायक्रॉन लांब, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरात घर करतो, मेंदूतल्याही. मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या केशवाहिन्या एकापुढे एक मांडल्या, तर अंतर भरेल सुमारे ६०० किलोमीटर. बुलढाण्याहून नागपूरला जाऊन जवळपास परत. अस्तर मात्र एकाच पेशीचं, पातळ जागी पाव मायक्रॉन. घुसखोराची जाडीच त्याहून जास्त! अस्तर बिघडलं की वाहिनी पाझरते, मेंदूला सूज येते, झटके येतात. घरचे म्हणतात, ताप मेंदूत गेला. यातून वाचलेल्या काही मुलांना पुढे कमी ऐकू येतं, हातापायांत कमजोरी राहते, फिट्स येतात, अभ्यास झेपत नाही.

रिकेट्सियाच्याच गटातल्या, अमेरिकेतल्या रॉकी माउंटन तापाच्या एका अभ्यासात पहिल्या पाच दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी ६.५ टक्के दगावले, उशीर झालेल्यांपैकी २२.९ टक्के. या तापांवरचं औषध कुठलं? डॉक्सिसायक्लिन, काही रुपयांची गोळी.

अडचण अशी, की रक्तातली प्रतिपिंडं बहुधा दुसऱ्या आठवड्यात सापडतात. पाचवा दिवस तोवर उलटलेला असतो. शेजारच्या अकोल्यातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी यांनी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये यावर गुणतक्ता मांडला: खेड्यातली वस्ती, घरातले प्राणी, गोचिडीचा संपर्क, तळहात-तळपायांवरचं पुरळ, पायांवरची सूज, शिवाय प्लेटलेट, सोडियमसारख्या साध्या तपासण्या. ३५ पैकी १४ गुण झाले, की संशय पक्का धरायचा.

त्यातले काही गुण दवाखान्याच्या दारातच मिळतात. तापलेल्या पोराचे तळपाय उघडून दाखवावेत आणि घरी गुरं-कुत्री आहेत, अंगावर गोचीड दिसली होती, हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावं.