वेस्टर्न चित्रपटांची परंपरा – लेखांक ७ : ‘हाय नून’

वेस्टर्न म्हटल्याबरोबर प्रेक्षक ज्यांची अपेक्षा करतो ती अफाट माळराने, चौखूर उधळणारी घोडी आणि रेड इंडियनांशी झडणाऱ्या चकमकी फ्रेड झिनेमन यांच्या ‘हाय नून’मध्ये (१९५२) जवळजवळ नाहीतच, आहे ते हॅडलीव्हिल नावाचे एक लहानसे गाव, आणि त्यात दारोदार मदत मागत हिंडणारा, तारुण्य ओसरलेला एक मार्शल. विल केनचे लग्न नुकतेच लागले आहे, हुद्द्यावरून मुक्त होऊन तो नववधूसह गाव सोडण्याच्या बेतात आहे, आणि नेमकी तेव्हाच वर्दी येते की, त्याने पूर्वी पकडलेला फ्रँक मिलर माफी मिळून सुटला असून सूड उगवण्यासाठी दुपारी बाराच्या गाडीने येत आहे. चित्रपट पंचाऐंशी मिनिटांचा. कथेतला काळही जवळपास तेवढाच. त्यामुळे भिंतीवरची घड्याळे पुनःपुन्हा दिसतात तेव्हा केनचा सरणारा वेळ हा आपलाच वेळ असतो.

या चित्रपटाचे खरे सामर्थ्य मात्र मला अंतीच्या गोळीबारात दिसत नाही, नकारांच्या मालिकेत दिसते. मिलरला शिक्षा ठोठावणारा न्यायाधीश भिंतीवरचा राष्ट्रध्वज आणि न्यायाचा तराजू उतरवून खोगिराच्या पिशवीत भरतो. बढती न मिळाल्याने रुष्ट झालेला दुय्यम अधिकारी बिल्ला काढून ठेवतो. एक स्नेही घरात असूनही पत्नीकरवी नसल्याचा निरोप देववितो. आणि चर्चमध्ये तर गावचा एक प्रतिष्ठित पुढारी केनची मनःपूर्वक स्तुती करून, रस्त्यावर रक्त सांडले तर उत्तरेकडचे भांडवल गावात येणार नाही, म्हणून त्यानेच निघून जावे, असा निष्कर्ष काढतो. यांतला एकही मनुष्य दुष्ट नाही, प्रत्येकाचे कारण ऐकताना क्षणभर पटते, आणि हेच भयंकर आहे.

पटकथाकार कार्ल फोरमन यांनी हे दूरस्थपणे लिहिलेले नव्हते. १९५१ मध्ये चित्रपटाचे काम चालू असतानाच अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे त्यांची जबानी झाली. पूर्वीच्या कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. हॉलिवुडची दारे बंद झाली आणि त्यांना इंग्लंड गाठावे लागले. लेखनातला हाच प्रामाणिकपणा चित्रणातही आहे: छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी यांनी आकाश पांढरेफटक ठेवले, केनची भूमिका करणाऱ्या गॅरी कूपर यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या लपविल्या नाहीत. आणि तो थकलेला, भ्यालेला, तरीही न हटणारा चेहरा यथार्थपणे ऑस्करला पात्र ठरला.

सर्वांना हा नायक रुचला नाही. मार्शलने सामान्य नागरिकांपुढे हात पसरावे हे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांना मुळीच मान्य नव्हते. मला तर असे वाटते की, न मागता एकट्याने लढणारा केन केवळ शूर ठरला असता. त्याने मागितले, म्हणूनच सारा गाव कसोटीला लागला. हॉक्स यांनी जॉन वेन यांना घेऊन १९५९ साली ‘रिओ ब्राव्हो’च्या रूपाने आपले प्रत्युत्तर दिले, त्याचा परामर्श पुढील लेखांकी घेऊ.