कम्युनिस्ट पक्षावरील १९३४ ची बंदी : ती आज बजावतां येईल काय ?

खानदेशांतील घरोघरचीं दप्तरें चाळणारास मोडी कागदांच्या तळाशीं कधीं कधीं निराळ्याच काळाचे कागद सांपडतात. किसान सभेचीं हस्तपत्रकें, गिरणी कामगारांच्या सभांचीं निवेदनें, पोलिसांच्या झडतीचे पंचनामे असे ते असतात. सनद किंवा महजर निःशंकपणें पुढें ठेवणारा मालक हे कागद दाखवितांना मात्र कचरतो. हा पक्ष बेकायदा ठरला होता, ती बंदी अजून चालू असेल, उगीच विस्तवाशीं खेळ नको, असें त्यास वाटतें. या भीतीनें कागद एकदां चुलींत गेला कीं तो परत मिळत नाहीं. म्हणून त्या बंदीची आजची कायदेशीर किंमत काय, हें उलगडून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बंदी ही एकच वस्तु नव्हे. तिचीं अंगें तीन : अधिकार देणारा कायदा, त्या अधिकारानें काढलेला जाहीरनामा, आणि जाहीरनाम्यावरून माणसावर चालणारा खटला. इनामाच्या वादांत मूळ हुकूम, सनद व प्रत्यक्ष भोगवटा हीं जशीं वेगवेगळीं तपासावीं लागतात, तसेंच येथेंहि केलें पाहिजे.

यांतील कायदा म्हणजे १९०८ चा चौदावा, फौजदारी कायद्याच्या दुरुस्तीचा. बंगालमधील गुप्त समित्यांचा बीमोड करण्यासाठीं तो त्या वर्षाच्या डिसेंबरांत झाला. त्याच्या सोळाव्या कलमान्वयें एखादें मंडळ सार्वजनिक शांततेस घातक आहे असें सरकारचें मत झालें, कीं राजपत्रांत जाहीरनामा काढून तें बेकायदा ठरवितां येई. सतराव्या कलमानें अशा मंडळाच्या सभासदास सहा महिन्यांपर्यंत, व चालकास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. सरकारचें मत बरोबर कीं चूक, हें न्यायाधीशानें तपासण्याची सोय त्यांत नव्हती.

हें हत्यार एकाच पक्षासाठीं नव्हतें, हें ध्यानांत ठेवावें. १९३२ च्या आरंभीं काँग्रेसच्या समित्या याच कायद्याखालीं बेकायदा ठरल्या. त्याच वर्षीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं व सानेगुरुजींनीं तीं लिहून घेतलीं, हें वाचकांस ठाऊकच आहे. पुढें जुलै १९३४ मध्यें हिंदुस्थान सरकारनें कम्युनिस्ट पक्ष, त्याच्या समित्या व शाखा यांवर तेंच कलम चालविलें.

त्या जाहीरनाम्याची मर्यादा खानदेशांतच चांगली दिसून येते. डिसेंबर १९३६ मध्यें पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन होय. त्याच वेळीं तेथें अखिल भारतीय किसान सभेचेंहि अधिवेशन झालें. या सभेच्या उभारणींत कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता. पक्षाचें नांव बेकायदा होतें, किसान सभेचें नव्हतें. म्हणून फैजपूरचें किसान सभेचें पत्रक हातीं आल्यास, तें १९३४ च्या जाहीरनाम्यांत कधींच येत नव्हतें, हें संग्राहकानें ओळखावें.

आतां जाहीरनाम्याचें आयुष्य पाहूं. जून १९४१ मध्यें जर्मनीनें सोव्हिएत रशियावर स्वारी केल्यावर कम्युनिस्ट पक्षानें युद्धास पाठिंबा देण्याचें धोरण धरलें, व जुलै १९४२ मध्यें सरकारनें बंदी उठविली. १९३४ चा जाहीरनामा तेथेंच संपला. मार्च १९४८ मध्यें पश्चिम बंगाल सरकारनें पक्षावर फिरून बंदी घातली खरी. परंतु प्रांतिक सरकारचा जाहीरनामा त्याच्या प्रांतापुरता असतो, आणि खानदेश तेव्हां मुंबई प्रांतांत होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत हा पक्ष उघडपणें उतरला व लोकसभेंत काँग्रेसच्या खालोखाल जागा त्यासच मिळाल्या. मेलेल्या जाहीरनाम्यावरून आज खटला उभा राहूं शकत नाहीं.

मग कायदा तरी जिवंत आहे काय ? पूर्वी गादीवर नवा धनी आला कीं वतनदार जुनी सनद त्याच्याकडून नवी करून घेत. भारताच्या राज्यघटनेच्या ३७२ व्या कलमानें सर्व जुन्या कायद्यांस अशी एकत्रित मंजुरी दिली. पण १३ व्या कलमानें, मूलभूत हक्कांस बाधणारा भाग तेवढ्यापुरता शून्य ठरविला. मंडळ स्थापण्याचा हक्क १९ व्या कलमांत आहे. या दोहोंची गांठ मद्रासच्या खटल्यांत पडली. मद्रास सरकारनें १९०८ च्या कायद्यास १९५० सालीं दुरुस्ती करून त्याखालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी बेकायदा ठरविली होती. ३१ मार्च १९५२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती तरतूद रद्द ठरविली. केवळ सरकारच्या मतावर, न्यायालयीन चौकशीवांचून व मंडळास नीट कळविल्यावांचून असा हक्क हिरावून घेणें वाजवी निर्बंध नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. सल्लागार मंडळाकडून होणारी फेरतपासणी न्यायालयीन चौकशीच्या जागीं चालणार नाहीं, असेंहि त्यांत ठरलें.

तथापि जुना कायदा नामशेष झालेला नाहीं. झारखंड सरकारनें फेब्रुवारी २०१८ मध्यें सोळाव्याच कलमाच्या आधारें पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडिया या संघटनेवर बंदी घातली. ऑगस्टमध्यें तेथील उच्च न्यायालयानें ती रद्द केली. फेब्रुवारी २०१९ मध्यें सरकारनें नवा जाहीरनामा काढला. तात्पर्य, कलम उपयोगांत आणावयाचें तर नवा जाहीरनामा लागतो, व तो न्यायालयाच्या कसोटीस उतरावा लागतो. अन्य देशांचाहि अनुभव असाच आहे. ऑस्ट्रेलियांत कम्युनिस्ट पक्ष विसर्जित करणारा १९५० चा कायदा तेथील उच्च न्यायालयानें १९५१ सालीं रद्द ठरविला. अमेरिकेंत १९५४ चा कम्युनिस्ट नियंत्रण कायदा पुस्तकांत राहिला, पण त्याचा अंमल जवळजवळ झालाच नाहीं.

संग्राहकांनीं आणखी एक भेद जाणावा. भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) ही संघटना जून २००९ मध्यें १९६७ च्या बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्याच्या परिशिष्टांत घातली गेली. ही निराळी संघटना, निराळा कायदा व निराळी बंदी होय; तिचा १९३४ च्या कागदांशीं संबंध जोडूं नये. तसेंच पक्षावरील बंदी व पुस्तकाची जप्ती या दोन गोष्टी आहेत. जप्तीसाठीं पूर्वीं वापरला जाणारा १९३१ चा मुद्रणालयांविषयींचा तातडीचा कायदा १९५१ सालीं रद्द झाला. फौजदारी व्यवहारसंहितेखालीं निघालेला जप्तीचा हुकूम मात्र ज्या त्या पुस्तकापुरता पाहावा लागतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत इंग्रजी अमदानींतील जप्त वाङ्मयाचा संग्रह अभ्यासकांसाठीं राखलेला आहे, हेंहि लक्षांत घ्यावें.

सारांश, १९३४ ची बंदी आज बजावतां येत नाहीं. म्हणून असा कागद हातीं येतांच त्यावरील तारीख, मंडळाचें नांव, छापखान्याचें नांव व झडतीचा शेरा हीं टिपून ठेवावीं, आणि शक्य तर संबंधित राजपत्राचा अंक त्यासोबत जोडावा. जाहीरनामा कोणत्या मंडळावर होता व कागद कोणत्या मंडळाचा आहे, हें ताडून पाहिल्यावांचून कोणीहि त्याला बेकायदा म्हणूं नये. ज्या जाहीरनाम्याच्या भीतीनें हा कागद दडविला गेला, तो जुलै १९४२ मध्येंच संपला आहे, एवढें त्याच्या मालकास समजावून सांगणें हें आपल्यासारख्यांचें काम आहे.