डांबरगोळीचा हिशेब

सेवानिवृत्तीनंतर भिलाईच्या टाउनशिपमधील क्वार्टर रिकामे करण्याची वेळ आली, की तीस-पस्तीस वर्षांच्या संसारातील भांडी, पुस्तके आणि ट्रंका ट्रकात चढतात. मागे उरतो तो माळ्यावरचा, वर साय धरलेला रंगाचा डबा, टर्पेंटाइनची अर्धी बाटली, ढेकणांच्या औषधाचा गंजका डबा, टोके काळवंडलेली ट्यूबलाइट, मुदत टळलेल्या गोळ्या, आणि कपाटाच्या तळाशी झिजून वाटाण्याएवढी झालेली डांबरगोळी.

डांबरगोळी हे नाव मोठे यथार्थ आहे. कारण तिच्यातील नॅप्थलीन हे मूलतः दगडी कोळशाच्या डांबरातलेच, आणि भिलाईच्या ज्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले, तेथेही कोळशाचा कोक करताना निघणाऱ्या डांबरातून हा पदार्थ वेगळा काढला जातो. आयुष्यभर कारखान्यात वायूच्या वासावर कान टवकारणारा, हातमोज्यांशिवाय नळीला स्पर्श न करणारा कामगार घरी मात्र ही गोळी नातवाच्या हाताशी पडू देतो, याचे मला नेहमी नवल वाटते. कारण ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतः उणे असते, अशा बालकांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनने फुटू लागतात.

या वस्तूंसाठी कायद्यात तरतूद नाही असे मुळीच नाही. 8 एप्रिल 2016 रोजी अंमलात आलेल्या घनकचरा नियमावलीने रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे, फुटलेले थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या आणि सुया यांना घरगुती घातक कचरा असे नाव देऊन, दर 20 चौरस किलोमीटरांमागे एक संकलन केंद्र उघडण्याची व त्याच्या वेळा जाहीर करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. परंतु वैशाखाच्या उन्हात अर्धा डबा रंग घेऊन इतक्या दूर जाणारा इसम विरळाच. बाकीचे तो डबा गटारात रिता करून मोकळे होतात. म्हणून केंद्रानेच वस्तीत यावे, दिवाळीच्या सफाईनंतर एखाद्या रविवारी सेक्टरच्या मैदानात मांडव पडावा, हे मला अधिक व्यवहार्य दिसते. याच राज्यात अंबिकापूरच्या महिलांनी दारोदार कचरा उचलून आणि तो हाताने वेगळा करून एका शहराचे रूप पालटले; मात्र त्यांच्या हातगाडीत तेजाबाची बाटली लपवून टाकणे हा अपराधच होय.

मांडवात पहिली दक्षता एकच: काहीही काहीत ओतू नये. संडास धुण्याचे तेजाब आणि कपड्यांचे ब्लीच एकत्र आले की क्लोरीन सुटतो, तोच वायू जो 22 एप्रिल 1915 रोजी ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून सोडला गेला. प्रत्येक द्रव्य मूळ डब्यातच, वरचा कागद न फाडता, झाकण घट्ट लावून आणावे. कागद गेलेला असल्यास आत काय आहे ते पेन्सिलीने लिहावे. सीएफएल फुटला तर खिडकी उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे, केरसुणी लावू नये, काचा जाड पुठ्ठ्याने गोळा करून झाकणाच्या बरणीत ठेवाव्यात. त्यातील पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण केरसुणीने तो घरभर पसरतो.

पुढची विल्हेवाट प्रशिक्षित हातांची: तेजाब चुन्याने शमवायचे, शिशाची बॅटरी अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे सुपूर्द करायची, रंग आणि थिनर अशा भट्टीत जाळायचे जिथे ज्वाळा हजार अंशांच्या पुष्कळ वर असते. सिमेंटची भट्टी साधारण 1450 अंशांवर तापते, आणि जामुलचा सिमेंट कारखाना भिलाईला लागूनच आहे. पण परवाना व चाचणीशिवाय असे काही कोणत्याही भट्टीत टाकता येत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

माझी तजवीज याहून लहान आहे. क्वार्टरचा ताबा परत देण्याच्या कागदपत्रांत, नळ आणि पंखे यांच्या खाली, माळ्यावर काय उरले यासाठी एक रकाना असावा, आणि तो भरल्याखेरीज किल्ली स्वीकारली जाऊ नये.