गोदावरी परुळेकर आणि वारल्यांची जागृती

ठाणे जिल्ह्याच्या डहाणू व उंबरगाव तालुक्यांतील वारली समाज एकेकाळी त्याच प्रदेशातील जमिनीचा धनी होता. ब्रिटिश अमदानीत सावकार व जमीनदार तेथे आले आणि कर्जापायी बहुतेक जमीन त्यांच्या हाती गेली. वारली आपल्याच शेतावर कूळ झाला. कुळाने मालकाच्या शेतावर फुकट राबावे, या प्रथेस ‘वेठ’ म्हणत. याहूनही भयंकर प्रथा लग्नगड्याची होती. लग्नासाठी मालकाकडून थोडी रक्कम घेणारा तरुण पत्नीसह त्याचा बांधील नोकर होई; आणि हे कर्ज आयुष्यभर राबूनही फिटत नसे.

अशा लोकांत गोदावरीबाई १९४५ साली आल्या. त्यांचा जन्म १९०७ साली पुण्यातील गोखले कुटुंबात झाला. महाराष्ट्रात कायद्याची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. १९३२ च्या कायदेभंगात त्यांनी कारावास भोगला. पुढे भारत सेवक समाजाने आजीव सदस्य म्हणून स्वीकारलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. मुंबईत साक्षरताप्रसार व घरकामगारांचे संघटन ही कामे त्यांनी केली. १९३९ साली शामराव परुळेकरांशी त्यांचा विवाह झाला व दोघेही कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यास झरी गावचे माह्या धांगडा आणि त्यांचे काही वारली सोबती आले होते. आपल्या लोकांचे हाल सांगून त्यांनी मदत मागितली. गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, झोपड्यांतून राहिल्या. मालकाचे नाव काढताच माणसे गप्प होत. दारिद्र्यापेक्षाही ही भीती मोठी आहे, हे त्यांना उमगले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले. वेठ करावयाची नाही व मजुरी रोखच घ्यावयाची, असा निर्धार तेथे झाला. सभेहून परतलेल्या वारल्यांनी गावोगाव जाऊन लग्नगड्यांना मुक्त केले. काही आठवड्यांतच ही प्रथा मोडली. ते काम वारल्यांनी स्वतःच्या हातांनी केले, हेच त्याचे खरे महत्त्व.

पावसाळ्यानंतर गवतकापणीचा प्रश्न आला. येथील गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मिळावेत, या मागणीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे सभा आहे आणि गोदावरीबाई संकटात आहेत, अशी अफवा पसरली. ती ऐकून मोठा जमाव लोटला. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड व त्यांचे चार सोबती मृत्युमुखी पडले. तरीही वारल्यांनी संयम सोडला नाही. संप टिकला आणि वाढीव दर मिळाला. १९४६ साली जंगलकामासाठी दररोज सव्वा रुपया किमान मजुरीची मागणी पुढे आली. त्या लढ्यात परुळेकर पती-पत्नींना जिल्ह्यातून हद्दपार केले गेले. नेते दूर गेले म्हणून संप मोडला नाही. ठेकेदारांनाच तडजोड करावी लागली. माणसे स्वतःच्या बळावर उभी राहावीत, हे गोदावरीबाईंचे उद्दिष्ट येथे कसास उतरले.

या लढ्याचा वृत्तांत त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. ते १९७० साली प्रसिद्ध झाले व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कर्मभूमी असलेला तलासरी-डहाणूचा हा मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. तलवाड्याच्या हुतात्म्यांचे स्मरण तेथे आजही दरवर्षी १० ऑक्टोबरला केले जाते.