चढायचं की नाही, हे मेंदू कसं ठरवतो

इंग्रजी ‘टी’च्या आकाराची वाट आहे. उंदीर खालून शिरतो आणि टोकाला पोचल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते ठरवतो. एका बाजूला खाद्याच्या दोन गोळ्या, दुसऱ्या बाजूला चार. मात्र चार गोळ्यांच्या आधी ४४ सेंटीमीटर उंचीची भिंत चढावी लागते. धडधाकट उंदीर बहुतेक वेळा चढतो.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात जॉन सॅलॅमोन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हा प्रयोग केला. मेंदूत खोलवर ‘न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स’ नावाचा छोटा भाग असतो. तिथलं डोपामिन घटवल्यावर हेच उंदीर सोप्या वाटेनं जाऊन दोन गोळ्यांवर भागवू लागले.

त्यांची खाण्यावरची वासना उडाली होती का? भिंत काढून पाहिली, तर ते चार गोळ्यांकडेच गेले. मग चढायची ताकद गेली होती का? दुसरी बाजू रिकामी ठेवली, तर ते भिंत चढले. म्हणजे भूकही शाबूत होती आणि ताकदही. बदलला होता तो फक्त हिशेब: दोन जास्त गोळ्यांसाठी एवढे कष्ट घ्यावेत का?

डोपामिनला सर्रास ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात. इथे त्याचं काम वेगळं दिसतं. मोठ्या फळासाठी कष्ट सोसायची तयारी ते टिकवून धरतं. या हिशेबात मेंदूच्या पुढच्या भागातलं ‘अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स’ही सामील असतं. ऑक्सफर्डमधल्या प्रयोगांत या भागाला इजा झालेले उंदीरही सोपी वाट धरू लागले. पण दोन्ही बाजूंना सारखीच भिंत उभी केल्यावर पुन्हा जास्त खाद्याकडे वळले.

माणसांसाठी मायकेल ट्रेडवे आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये अशीच चाचणी मांडली. सोपं काम म्हणजे सरावाच्या हाताच्या तर्जनीनं ७ सेकंदांत ३० वेळा बटण दाबणं. अवघड काम म्हणजे दुसऱ्या हाताच्या करंगळीनं २१ सेकंदांत १०० वेळा दाबणं. त्याला पैसे जास्त. पुढे याच चाचणीत नैराश्याच्या रुग्णांनी अवघड काम इतरांपेक्षा कमी वेळा निवडलं.

म्हणून अशा माणसाला ‘आळशी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ‘जरा मनावर घे’ म्हटल्यानं त्याच्यापुढची भिंत तसूभरही खाली येत नाही. नैराश्यावरच्या एका उपचारपद्धतीत कामाचे अगदी छोटे टप्पे पाडून देतात. घरच्यांनाही हे करता येईल: ‘फिरायला जा’ म्हणण्याऐवजी चपला घालून त्याच्यासोबत कोपऱ्यापर्यंत जावं.