देवबागला ‘स्पिट’ का म्हणतात? थुंकीशी नाही, सळईशी आहे नातं!

मालवणहून दक्षिणेला तारकर्ली ओलांडली की जमीन निमुळती होत जाते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर देवबाग. अशा पट्टीला इंग्रजीत ‘सँड स्पिट’ म्हणतात. शब्दशः भाषांतर केलं तर ‘वाळूची थुंकी’! घोटाळा इथेच होतो.

एक उच्चार, वेगळी मुळं

थुंकण्याचा ‘स्पिट’ मुळात आवाजाची नक्कल आहे, आपल्या ‘थू’सारखीच. संस्कृतमधला ‘ष्ठीव्’ हा धातू त्याच कुळातला मानतात.

देवबागचा ‘स्पिट’ मात्र वेगळा. जुन्या इंग्रजीत ‘स्पितू’ म्हणजे मांस भाजायची टोकदार सळई. सीख कबाब आठवा. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकाला हे नाव 17व्या शतकात लागलं. टोकदार तोंडाच्या स्पिट्झ कुत्र्याचं जर्मन नावही याच शब्दाचं भावंड.

तिसरा ‘स्पिट’ खोदकामातला: फावड्याच्या एका घावात निघेल एवढा मातीचा थर. उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ तो आजही वापरतात.

शालेय भूगोलात आपण ‘वाळूचा दांडा’ शिकतो. इंग्रजांना सळई दिसली, आपल्याला दांडा. थुंकी कुणालाच नाही.

दांडा टिकतो कसा?

लाटा किनाऱ्यावर तिरक्या आदळतात आणि वाळू किनाऱ्यालगत पुढे सरकवत नेतात. नदीच्या मुखापाशी किनारा वळतो, प्रवाहाचा जोर कमी होतो, वाळू खाली बसते. दांडा असाच वाढतो. एक टोक जमिनीला जोडलेलं असेल तर तो स्पिट. पर्यटकांचं आवडतं ‘सुनामी आयलंड’ कर्लीच्या पाण्यात सुटं उभं आहे, म्हणून तो स्पिट नव्हे, ‘बार’. (या ‘बार’चे अर्थ मोजायला बसलो तर वेगळी बातमी होईल.)

म्हणजे स्पिट ही सतत वाळूच्या पुरवठ्यावर जगणारी जमीन. वाटेत वाळू उपसली किंवा किनाऱ्याला आडवं बांधकाम झालं, की पुढच्या भागाला वाळू कमी पडते. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा देवबागचा किनारा खातात आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी पुन्हा वर येते. इतर गावांना समुद्रापासून मागे सरकायला जागा असते. देवबागच्या मागे कर्ली आहे.